हयात आईच्या खोलीची ऊब परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
वैयक्तिक ऊर्जाबचत विभाग,
नगर हरित कार्यालय,
चोलपोन-तोर.

अर्जदार : अशिरबाय कोचकोरोव, चालक, विजेची बस, राहणार जर्दाळू गल्ली, हरित वस्ती.

विषय : अर्जदाराची आई श्रीमती बुराकान ही हयात असल्याची नोंद घेऊन तिच्या खोलीची बंद केलेली उष्णता पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाचा आदेश, ‘घरातील मनुष्यसंख्येत घट’.
२) अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे अर्ज. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. अर्जदार प्रारंभीच स्पष्ट करू इच्छितो की त्याची तक्रार हरित घर योजनेविरुद्ध नाही. या नगरात हिवाळ्यात कोळशाचा धूर इतका साचतो की बस चालवताना सिग्नल दिसत नाही, नुसता अंदाज घ्यावा लागतो. म्हणून योजना आली तेव्हा गल्लीत पहिली सही अर्जदाराने केली. वडिलांच्या हातची भट्टी स्वतः फोडली, धुराड्याला आपल्या माणसांकडून सील मारून घेतले, भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावले, खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या आणि जुनी मोटार मोडीत दिली. तेव्हा आई म्हणाली होती, “अरे, धुराडंच नाही तर या घरात माणसं राहतात हे वरच्याला कळायचं कसं?” अर्जदाराने तिला गप्प केले, त्याचा त्यास आज पस्तावा होतो. तरीही हे मान्य केले पाहिजे की बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारे ते यंत्र उत्तम चालते आणि भिंती काडीची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. या योजनेत गळती असेल तर ती आपल्या कार्यालयात आहे. अर्जदाराची बस आपल्या कार्यालयाच्या दारातच थांबते, पण तीतून आजवर आपला शिपाई सोडून कोणी उतरलेले अर्जदाराने पाहिलेले नाही.

२. आमच्यात माणूस गेले की त्याला घरात ठेवत नाहीत. अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू उभारतात, मयत त्यात पडद्याआड ठेवतात, बायका आत बसून हेल काढून रडतात, पुरुष दाराशी कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून रडतात. उंच इमारतींत राहणारेसुद्धा खाली गाड्या लावायच्या जागेत तंबू ठोकतात. हे आपणास सांगावे लागेल असे अर्जदारास कधी वाटले नव्हते, कारण आपणही इथलेच आहात. परंतु आपल्या विभागाच्या नियमानुसार हरित वस्तीत ‘माणसे बसू शकतील अशी कोणतीही बंदिस्त जागा’ उभारण्यापूर्वी तिच्या उष्णतेची मोजणी होऊन परवाना घ्यावा लागतो. पानगळीपासून आईचे हृदय थकले होते. डॉक्टरांनी हिवाळ्याचे काही सांगता येत नाही असे म्हटले, आणि आईने अर्जदारास बजावले, “कागद आधी आणून ठेव. मी मेल्यावर तू खिडक्या-खिडक्यांतून फिरशील आणि मी पडून राहीन घरात, सतरंजीवर. तसलं मला चालायचं नाही.” त्याप्रमाणे अर्जदाराने परवान्यासाठी अर्ज केला. आपल्या खिडकीवरील बाईंनी मृत्यूचा दाखला मागितला. आई जिवंत आहे असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग घाई कसली आहे?”

३. पुढे आपले निरीक्षक दुलात यांनी असा मार्ग काढला की अर्जदाराने तंबू आधीच एकदा उभारून दाखवावा, ते येऊन उष्णता मोजणाऱ्या यंत्राने त्याची तपासणी करतील आणि मग परवाना मिळेल. अर्जदाराने त्यांना विचारले की बाबा, घरात म्हातारी आजारी आणि अंगणात तंबू, लोक काय समजतील? त्यावर निरीक्षक म्हणाले, “दादा, हे शास्त्र आहे. रिकाम्या तंबूची मोजणी लागते. माणसं आत बसली की आकडे बिघडतात.” महोदय, दुलात हे काही समुद्रापलीकडून आलेले नाहीत. त्यांच्या आजोबांच्या वेळी तंबू उभा राहिला तेव्हा ते स्वतः दाराशी उभे राहून रडलेले अर्जदाराने पाहिले आहेत. एवढे असून माणूस शास्त्राच्या नावाखाली इतका कोरा कसा होऊ शकतो, याचाही आपल्या विभागाने कधीतरी अभ्यास करावा.

४. ठरल्या दिवशी अर्जदाराने कामावर जाण्यापूर्वी शेजारी केनेश यांच्या मदतीने तंबू उभारला. येथे अर्जदाराचीही चूक झाली, ती तो लपवू इच्छित नाही. असा तंबू लावायला बोलावले की आमच्यात कोणी ‘कोण गेलं’ असे विचारत नाही, मुकाट्याने दोर ताणू लागतो. केनेश यांनीही विचारले नाही. ते काम करता करता बाहीने डोळे पुसत होते, ते थंडीमुळे असे अर्जदारास वाटले. मोजणी दुपारी व्हायची होती, तेव्हा सांगण्यासारखे काही आहे असे त्याच्या डोक्यातही आले नाही. अर्जदार बसवर गेला आणि केनेश घरोघर बातमी सांगत फिरले.

५. दुसऱ्या फेरीत बाजारच्या थांब्यावर अर्जदाराचे मामेभाऊ बसमध्ये चढले. कमरेला पट्टे, डोळे लाल. अर्जदारास चालकाच्या जागेवर पाहून थोरला किंचाळला, “अरे निर्दया, तू आज बस चालवतोयस?” आणि त्याने सर्व उतारूंदेखत अर्जदाराच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. अर्जदारास वाटले, आपण निघाल्यावर काहीतरी झाले. ज्याने तो तंबू स्वतः मोजणीसाठी ठोकला होता त्या माणसाच्या डोक्यातून मोजणी पार निघून गेली. त्याने बस आगारात न नेता सरळ जर्दाळू गल्लीत आणली. त्याबद्दल आगारप्रमुखांनी वेगळी कारवाई केली आहे, ती आपल्याकडे मांडायची नाही. अंगणात गर्दी होती, तंबूतून रडण्याचा आवाज येत होता. अर्जदार दाराशी गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

६. त्या वेळी आई घरातच होती. योजनेतील दुहेरी काचा इतक्या पक्क्या बसल्या आहेत की स्वतःच्या नावाचा आक्रोश तिला ऐकू आला नाही. खिडकीतून डोक्यावरून शाली ओढलेल्या बायका दिसल्या तेव्हा तिने सुनेला विचारले, “कोण गेलं गं?” अर्जदाराची पत्नी जिपारकुल हिने ‘तुम्हीच’ असे सांगायचे कसे म्हणून तोंड फिरवले. आईने तेवढ्यावरून समजून घेतले की कोणी जवळचेच असणार, आणि शेजारधर्म पाळणारी कोणतीही बाई करील तेच तिने केले. काळी शाल घेतली, मागच्या दाराने तंबूत जाऊन बायकांच्या मागे बसली आणि मनापासून रडू लागली. आमच्या गल्लीत मेलेल्याचे गुण गाऊन रडण्यात साकिन या म्हातारीचा हात कोणी धरत नाही. तिने हेल काढला, “दार कधी न लावलेली, पाहुण्याला कधी न कंटाळलेली माझी बुराकान गं!” तेव्हा आईने रडणे थांबवले. ती उठून पुढे गेली आणि म्हणाली, “साकिन, थोबाड फोडीन. माझ्या दारातून तुला तीनदा घालवलीय मी. खोटं रडायला लाज नाही वाटत?”

७. त्यानंतर जे झाले ते आनंदाचे झाले असे अर्जदार कबूल करतो. मामेभावांनी जेवणासाठी बाजारातून पुढे धाडलेली घोडी तोवर कापली गेली होती, ती परत उभी करता येत नव्हती. कढया चढल्या होत्या. आई तंबूत मानाच्या जागी बसली आणि कोण आले, कोण आले नाही, कोण उशिरा आले याची एकेकाकडून जबानी घेऊ लागली. स्वतःची धाकटी नणंद नुसते डोळे चोळत होती, पाणी नव्हते, हे आईने तिला तोंडावर सांगितले. लोक पोट धरून हसले. अशा वेळी निरीक्षक दुलात भल्यामोठ्या जीपमधून आले. जीप थंड पडू नये म्हणून ती जेवण होईपर्यंत त्यांनी फाटकासमोर चालूच ठेवली. हरित वस्तीत धूर मोजणारे यंत्र ज्या खांबावर आहे तिथे याची नोंद होत नाही असे दिसते, कारण आलेल्या इतर सर्व गाड्यांचा धूर अर्जदाराच्या घराच्या प्रवासपत्रकात जमा झाला, जीपचा झाला नाही. निरीक्षकांनी यंत्र तंबूकडे धरले, कढयांखालचे विस्तव मोजले, मग हात धुऊन जेवायला बसले. मानाचे हाड त्यांना आईने स्वतः वाढले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाले, “आजी, उदंड आयुष्य लाभो.” मग जीपमध्ये बसून त्यांनी अहवाल लिहिला, की सदर ठिकाणी अंत्यविधीचे जेवण झाले, परवाना वापरला गेला, घरातील मनुष्यसंख्या एकाने कमी झाली.

८. आपल्या योजनेत जोडप्याला एक आणि बाकीच्यांना माणशी एक खोली तापवण्याची मुभा आहे. अर्जदाराच्या घरात अर्जदार व त्याची पत्नी, त्यांची नात आणि आई अशा मिळून ठरलेल्या खोल्या तापत होत्या. अहवाल पोहोचला त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयातून बसल्या जागी आईच्या खोलीची उष्णता बंद झाली. उष्णतेचा हिशेब ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा लागला. पेटीने अभिनंदनही केले, की आपल्या घराने या महिन्यात लक्षणीय बचत केली आहे. जिपारकुलने पेटीवर उशी फेकून मारली. त्यात पेटीचे नुकसान झाले असल्यास ते अर्जदारास मान्य आहे.

९. अर्जदार दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील बाईंनी आई जिवंत असल्याचा पुरावा मागितला. अर्जदाराने आरोग्य केंद्राचा हयातीचा दाखला दिला. तो दुसऱ्या विभागाचा असल्याने चालत नाही असे समजले. ऊर्जाबचत विभाग फक्त ऊर्जेचा पुरावा मानतो. बाईंनी पडद्यावर आईच्या खोलीचा वापर काढला आणि म्हणाल्या, “बघा, शून्य आहे. खोलीत माणूस असता तर वापर झाला असता.” अर्जदाराने सांगितले की आपणच बंद केल्यामुळे तो शून्य आहे. त्या म्हणाल्या, “आम्ही बंद केला कारण माणूस नाही.” अर्जदार विजेच्या बसवर अनेक वर्षे आहे, बस गोल फिरून परत त्याच थांब्यावर येते हे त्यास ठाऊक आहे. पण तीत निदान माणसे चढतात-उतरतात.

१०. तेव्हा अर्जदाराने आईलाच आणायचे ठरवले. तिला दोन शाली गुंडाळून बसने आणले. ती जिने चढली, प्रत्येक पायरीवर थांबली आणि खिडकीसमोर उभी राहून म्हणाली, “पोरी, नीट बघ. मी बुराकान. जिवंत आहे. पाहिजे तर चिमटा काढ.” बाईंनी चिमटा काढला नाही. त्यांनी अत्यंत आदराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि विभागप्रमुख म्हणून आपणास न विचारता नोंद बदलता येत नाही, आपण दौऱ्यावर आहात, असे सांगितले. तोपर्यंतची सोय म्हणून त्यांनी आईची नोंद अर्जदाराच्या घरी आलेली ‘पाहुणी’ अशी केली. पाहुण्यांना खोली मिळत नाही. उलट पाहुणीचा येण्याजाण्याचा प्रवास यजमानाच्या पत्रकात धरला जातो, त्यामुळे आईला जिवंत दाखवायला आणल्याचा भार अर्जदाराच्याच घरावर चढला. परतताना बसमध्ये आई म्हणाली, “माझ्याच घरात पाहुणी. सून म्हणून आले त्या दिवशीसुद्धा मला असं कुणी म्हटलं नव्हतं.” अर्जदारास त्या क्षणी जी शिवी आठवली ती अर्जात लिहिता येत नाही, परंतु ती आपल्या हुद्द्याला उद्देशून होती.

११. अर्जदार व पत्नीने आपली खोली आईस देऊ केली, ती तिने घेतली नाही. नातीच्या खोलीत झोप म्हटले, तर खोकल्याने पोरीची परीक्षा बुडेल म्हणाली. पहिल्या वेळी आत माणसे बसल्याने आकडे बिघडले, म्हणून निरीक्षकांना तंबूची दुसरी मोजणी करायची असल्याने तो काढू नये असा आपलाच आदेश होता, म्हणून तंबू अंगणात उभाच होता. आई गोधड्या उचलून त्यात राहायला गेली. “इथं निदान मला माणसं रडून गेलीत. ही जागा माझी आहे.” तिचे म्हणणे असे की नमदा आपल्या अस्तरापेक्षा बरा. ते खरे नव्हते. अर्जदाराने तिथे लोखंडी शेगडी पेटवली, तर खांबावरच्या यंत्राला धूर दिसला आणि संपूर्ण घराचा पुरवठा तोडण्याची सूचना आली. आईने ती सूचना नातीकडून वाचून घेतली आणि किटलीतले पाणी स्वतःच्या हाताने शेगडीत ओतले. त्या रात्रीपासून अर्जदारही तिथेच झोपत आहे. म्हातारीचे हात पहाटे चोळावे लागतात तेव्हा ते तिच्या मालकीचे वाटत नाहीत. ज्या नगरात घरे उबदार ठेवण्यासाठी एक अख्खे कार्यालय आहे, तिथे हे चालले आहे.

१२. करिता विनंती की अर्जदाराच्या आईस हयात समजून तिच्या खोलीची उष्णता तत्काळ सुरू करावी. ते शक्य नसल्यास निदान ती मृत असल्यास तिचे हात थंडीने का काकडतात याचा लेखी खुलासा करावा.

१३. वरील मजकूर काल लिहून ठेवला होता व आज तो नेऊन द्यायचा होता. आज सकाळी अर्जदार उठला तेव्हा आई गेलेली होती.

१४. अर्जदाराने कमरेला पट्टा बांधला, काठी घेतली आणि दाराशी उभे राहून मोठ्याने रडायला सुरुवात केली, कारण आमच्यात आईसाठी असेच रडायचे असते आणि ते ऐकून ऐकणाऱ्याने यायचे असते. कोणी आले नाही. आज दुसरी मोजणी आहे आणि मोजणीनंतर तंबू काढायचा आहे, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. लोक कामाला जाताना बघून गेले. एक जण सायकलवरून ओरडला, “दादा, साहेब यायच्या आधीच सराव का?” मामेभावास फोन केला, तो म्हणाला, “मागच्या वेळी घोडी कापली, आता उंट आणू? म्हातारीला म्हणावं, आराम कर.” तो हसत होता. त्याला दोष देता येत नाही. साकिन म्हातारीने तिला बोलवायला गेलेल्या आमच्या नातीबरोबर निरोप पाठवला, की बुराकानसाठी माझे रडून झाले आहे आणि त्याबद्दल शिव्याही खाऊन झाल्या आहेत. शेवटी अर्जदाराने केनेश यांना कुंपणावरून अक्षरशः ओढून आत नेले आणि त्यांचा हात आईच्या कपाळावर ठेवला. मग बाहेर येऊन त्यांनी पट्टा बांधला.

१५. सबब, विषयात नमूद केलेली विनंती अर्जदार मागे घेत आहे. खोलीची उष्णता सुरू करू नये. मयत ठेवलेल्या तंबूत आम्ही विस्तव करत नाही, त्यामुळे आता आतली थंडी आपल्या नियमात आणि आमच्या रीतीतही बसते. आपली नोंद बदलण्याची गरज राहिलेली नाही. आपल्या कार्यालयात वेळेआधी झालेले हे पहिलेच काम आहे.

१६. तंबू आज काढू नये, दफन होईपर्यंत राहू द्यावा, एवढीच मागणी उरली आहे. परवाना आधीच वापरला गेला आहे हे अर्जदारास माहीत आहे, तरीही ती मागणी आहे. तसेच आपण स्वतः यावे. निरीक्षकांना पाठवू नये. जीप कोपऱ्यावर बंद करून ठेवावी आणि फाटकापासून, आपल्या वडिलांनी आपणास शिकवले असेल तसे, मोठ्याने रडत यावे. आपणास पाहून तरी लोकांना खरे वाटेल, कारण खोट्या मोजणीसाठी आपल्या हुद्द्याचा माणूस रडत येणार नाही हे त्यांना कळते. जनाजा उचलायला खांदे लागतात. या घडीला दाराशी रडणारे आम्ही दोघेच आहोत. आपण आलात तर तिघे होऊ.

आपल्या नोंदीप्रमाणे यापूर्वीच पोरका झालेला,
अशिरबाय कोचकोरोव
(सही)

चोलपोन-तोर, ११ डिसेंबर, सकाळी.

सोबत : आईच्या हयातीचा दाखला, मूळ प्रत. परत पाठवण्याची आवश्यकता नाही.